पावकी

लँकेस्टरला फेब्रुवारीत पाच वाजताच काळोख.
तिसऱ्या मजल्यावर मी आणि एक करकरणारा हीटर.
कागदावर एक दरी काढलेली,
दरीत एक कण.

जुन्या यांत्रिकीतला कण शहाणा:
चढ चढतो, दम संपला की थांबतो, परततो.
जिथून परततो तो वळणबिंदू.
नव्या यांत्रिकीत त्याला ही शिस्त नाही,
तो भिंतीत ओलीसारखा झिरपतो.
आम्ही या दोघांच्या मधले लोक,
लाटेलाच वाट समजून चालणारे.
वळणबिंदूपाशी आमचं सूत्र फाटतं,
दुसऱ्या कापडाचं ठिगळ लावावं लागतं.
ठिगळाची किंमत ठरलेली:
या टोकाला पाव, त्या टोकाला पाव.

पाव नि पाव अर्धा.
एवढी पावकी मला नानांनी घोकून घेतली होती.
लातूरच्या अडतीवर दिवाणजी होते ते,
तुरीच्या ढिगात मूठ घालून
वजन सांगायचे,
वर म्हणायचे, अंदाजपंचे दाहोदरसे.
मग काटा लागायचा. चार-पाच किलो इकडेतिकडे.
एकदा अंदाज नि काटा तंतोतंत जुळले
तर त्यांनी वाकून काट्याखाली हात घालून पाहिला.
"अंदाज इतका बरोबर आला
की समजायचं, कुणीतरी खोटं बोलतंय."

त्या रात्री माझा अंदाज बरोबर आला.
पहिली पायरी. दुसरी. सातवी.
दशांशचिन्हानंतर बारा घरं,
एक अंक हलेना.
मी काट्याखाली हात घातला:
प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचला,
कुठे मीच खरं उत्तर आधी
चोरून ठेवलंय का बघितलं.
नव्हतं.

सकाळी डॉ. हेस्केथ आले,
बुटांवर मोअरकमच्या खाडीचा राखाडी चिखल.
बायको गेल्यापासून ते रोज काठाकाठानं चालतात,
भरती-ओहोटीचं वेळापत्रक खिशात घेऊन.
आकडे पाहिले. चष्मा कपाळावर ढकलला.
"तू दरी मोजलीच नाहीस.
दरी ज्यातून निघते ते मूळ मोजलंस."
फळ्यावर खडूनं एक वक्र काढला.
त्याचा वर्ग घेतला, उतार एकदा वजा केला, एकदा मिळवला:
दोन दऱ्या. जुळ्या नाहीत, जोडीदार.
हिची दुसरी पायरी तिच्या पहिलीच्या उंचीवर,
हिची तिसरी तिच्या दुसरीच्या.

"आणि माझा अर्धा?"
"टोकांनी मागितला, उतारानं मधल्यामधे फेडला.
बाकी पूर्णांक."
सगळ्याच दऱ्यांचं असं होत नाही, म्हणाले,
जिचा जोडीदार तिच्याच घडणीचा,
फक्त आकडे बदललेला, तिचंच होतं.
मग खडू सगळ्यात खालच्या रेघेवर टेकवून थांबले.
"प्रत्येक पायरीला जोड आहे.
हिला नाही. हिची ऊर्जा शून्य."
खिडकीबाहेर बघत राहिले.
ते स्वतःबद्दल बोलत होते असं मला वाटलं,
पण लगेच त्यांनी विचारलं,
हीटरची तक्रार केलीस का.

शनिवारी मी एकटीच खाडीवर गेले.
पाणी वरच्या रेघेपाशी येऊन उभं होतं,
ना पुढे ना मागे, बराच वेळ.
कण वळणबिंदूपाशी सर्वांत जास्त रेंगाळतो
हे मी दर सोमवारी पोरांना शिकवते,
पाहिलं नव्हतं.
रेघेच्या पलीकडे, जिथे लाट पोचलीच नव्हती,
तिथली वाळू टाचेनं दाबली
तर तीही ओली.

तिथूनच नानांना फोन लावला.
अंदाज जुळला म्हटलं, बारा घरांपर्यंत.
"काट्याखाली बघितलंस?"
बघितलं.
"दुसऱ्या ढिगावर करून बघितलंस?"
केलं. तिथे चुकतो.
"हां," नाना म्हणाले, आवाजात जीव आला,
"मग खरं आहे."